न्यूरेंबर्गची रात्र आणि वैमानिक बार्टन

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बाँबर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० विमानकर्मींनी काम केले. त्यांपैकी ५५,५७३ जण युद्ध संपण्यापूर्वी मृत्युमुखी पडले. शेकडा चव्वेचाळीस हे प्रमाण कोणत्याही सैन्यदलाच्या मानाने भयंकरच म्हटले पाहिजे. हे सर्व जण विमानसेवेत आपखुशीने आलेले होते आणि त्यांतील बहुतेकांचे वय विशीच्या आतबाहेरचे होते. परंतु आकडा इतका मोठा झाला की त्याचा अर्थ मनात उमटेनासा होतो. म्हणून या प्रकरणात आपण एकाच वैमानिकाची एकच रात्र पाहणार आहोत. वैमानिकाचे नाव सिरिल जो बार्टन. रात्र ३० मार्च १९४४ ची.

बार्टनला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. हॅलिफॅक्स जातीच्या विमानावरील कामगिरीबद्दल हे पदक मिळालेला तो एकमेव वैमानिक होय. तथापि, त्याची निवड केवळ पदकामुळे केलेली नाही. एखाद्या रात्री सेनापतीचा हुकूम, हवामानाचा अंदाज, यंत्राची ताकद, शत्रूची तयारी आणि अंधारात चुकीचा वाचला गेलेला एक लहानसा इशारा या साऱ्यांचा भार एका तरुणावर कसा येऊन पडतो, हे या एका प्रसंगात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

प्रथम विमानाविषयी. हॅलिफॅक्स हे चार इंजिनांचे अवजड बाँबफेकी विमान होते. त्याच्या पंखांचा विस्तार सुमारे १०० फूट होता आणि ते जास्तीत जास्त १३,००० पौंडांपर्यंत बाँब वाहून नेऊ शके. या जातीची पहिली विमाने फारशी यशस्वी ठरली नव्हती. भरलेल्या अवस्थेत ती पुरेशी उंची गाठत नसत आणि खाली राहिलेल्या विमानाला विमानवेधी तोफा व लढाऊ विमाने दोन्ही लवकर गाठत. बार्टनच्या वाट्याला आलेली तिसरी आवृत्ती मात्र बरीच सुधारलेली होती. तिला हर्क्युलिस जातीची, प्रत्येकी १,६०० अश्वशक्तींची इंजिने बसविलेली होती.

विमानात सात माणसे असत आणि ती कोठे बसत हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सारी हकीकत त्यावर अवलंबून आहे. विमानाच्या नाकाडात दोघे: नकाशे व गणिताच्या साहाय्याने मार्ग ठरविणारा नॅव्हिगेटर आणि लक्ष्यावर नेम धरून बाँब सोडणारा. त्यांच्याजवळच, वैमानिकाच्या आसनाच्या खालच्या बाजूस, बिनतारी संदेशक बसे. वर वैमानिक. त्याच्या मागे इंजिनांवर व पेट्रोलवर लक्ष ठेवणारा अभियंता. पाठीवरील फिरत्या घुमटात एक मशीनगनधारी, आणि शेपटीच्या अगदी टोकाला, सर्वांपासून दूर, थंडीने गारठलेला दुसरा. हे सात जण पाच-सहा तास, प्रसंगी आठ तास एकत्र उडत, पण बहुतेकांना एकमेकांचे तोंडही दिसत नसे. इंजिनांच्या घरघरीत ओरडून बोलणे अशक्यच. प्राणवायूच्या मुखवट्यात बसविलेल्या ध्वनिग्राहकातून, विमानातल्या अंतर्गत दूरध्वनीवरून जे ऐकू येई तेवढाच त्यांचा परस्परांशी संबंध. हा दूरध्वनी बंद पडला तर दिव्याच्या उघडझापीने इशारे देण्याची सोय होती. आणखी एक गोष्ट. संकटकाळी बाहेर पडण्याचे पुढचे झाकण नाकाडाच्या तळाशी, नॅव्हिगेटरच्या पायाखालीच होते.

बार्टनचा जन्म ५ जून १९२१ रोजी इंग्लंडच्या सफक परगण्यातील एल्वेडन येथे झाला. पण तो वाढला तो लंडनच्या नैर्ऋत्येस असलेल्या न्यू माल्डन या उपनगरात. शिक्षणानंतर तो विमानाच्या कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. तेव्हा विमान उडविण्यापूर्वी त्याने विमान बनते कसे हे पाहिले होते, असे म्हणावयास हरकत नाही. १९४१ मध्ये त्याने हवाई दलासाठी नाव दिले. त्या काळी ब्रिटनच्या आकाशात शत्रूची विमाने घिरट्या घालीत असल्याने नवशिक्यांचे बरेचसे शिक्षण परदेशांत होई. बार्टनला त्यासाठी अमेरिकेस पाठविण्यात आले. परत आल्यावर १९४३ मध्ये तो ७८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला आणि १९४४ च्या आरंभी नव्यानेच उभारलेल्या ५७८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये गेला. यॉर्कशरमधील बर्न हा त्याचा तळ. आपल्या विमानाला त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी राजा आर्थरच्या दंतकथेतील तलवारीचे, एक्सकॅलिबरचे नाव दिले होते.

तो धर्मश्रद्ध ख्रिस्ती होता. आपण परतलो नाही तर आईला देण्यासाठी त्याने एक पत्र लिहून ठेवले होते. अशी पत्रे त्या वेळी अनेक विमानकर्मी लिहून ठेवीत. तळावरच्या खोलीत कपड्यांच्या पेटीत किंवा एखाद्या मित्राजवळ, भावाजवळ ती पडून असत. लिहिणारा सुखरूप परत आला तर ती कधीच वाचली जाणार नसत.

विमानकर्मींचा एक फेरा ३० मोहिमांचा असे. तो पुरा केला की काही महिने शिकविण्याच्या कामावर बदली होई. वरवर पाहता ही मर्यादा माणुसकीची वाटते, पण त्यामागचे गणित वाचकांनी स्वतः करून पाहावे. १९४३-४४ च्या हिवाळ्यात बर्लिनवर जाणाऱ्या विमानांपैकी शेकडा पाचांहून थोडी अधिक विमाने परत येत नसत. दर मोहिमेस शेकडा पाच हे प्रमाण धरले तर १०० विमानांपैकी ३० मोहिमा पुऱ्या करणारी विमाने एकवीस-बावीसच उरतात. विमानकर्मींना हे गणित कोणी फळ्यावर मांडून दाखवीत नसे. ते भोजनगृहातल्या रिकाम्या खुर्च्यांवरून समजत असे. न्यूरेंबर्गच्या मोहिमेपूर्वी बार्टनच्या १८ मोहिमा झाल्या होत्या आणि त्यांत बर्लिनवरच्या चार होत्या. म्हणजे निम्मा टप्पा त्याने ओलांडला होता.

हा हिवाळा बाँबर कमांडच्या इतिहासात बर्लिनच्या लढाईचा हिवाळा म्हणून ओळखला जातो. कमांडचे प्रमुख सर आर्थर हॅरिस यांची अशी ठाम समजूत होती की जर्मनीची मोठी शहरे एकामागून एक उद्ध्वस्त केली तर खुष्कीच्या मोठ्या आक्रमणाची गरजच उरणार नाही. अमेरिकन हवाई दलाने साथ दिली तर बर्लिन या टोकापासून त्या टोकापर्यंत नेस्तनाबूत करता येईल, त्यात आपली चारशे ते पाचशे विमाने जातील, पण जर्मनी युद्ध गमावील, असे त्यांनी नोव्हेंबर १९४३ मध्ये पंतप्रधान चर्चिल यांना कळविले होते. प्रत्यक्षात अमेरिकनांनी तशी साथ दिली नाही, बर्लिन उद्ध्वस्त झाले नाही आणि नुकसान मात्र वाढतच गेले. १९ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री लाइपझिगवर ७८ विमाने गेली, २४ मार्चच्या रात्री बर्लिनवर ७२. आक्रमणाची तयारी पुरी होत आली होती आणि बाँबर कमांडला लवकरच फ्रान्समधील रेल्वेमार्गांवर वळविण्यात येणार होते. जर्मन शहरांवर खोलवर मारा करण्याची हॅरिस यांची ही जवळजवळ शेवटची संधी होती. ही घाई ध्यानात घेतल्याशिवाय ३० मार्चचा हुकूम समजत नाही.

कारण एरवी अशा रात्री अवजड विमाने जमिनीवरच राहत. त्या रात्री आकाशात अर्धा चंद्र होता. चांदण्यात बाँबफेकी विमान दुरूनही दिसते, म्हणून शुक्लपक्षाच्या उत्तरार्धात लांबच्या मोहिमा टाळण्याचा प्रघात होता. सुरुवातीच्या अंदाजानुसार जाण्याच्या वाटेवर उंच ढगांचे आच्छादन राहील आणि न्यूरेंबर्गवर मात्र आकाश मोकळे असेल, असे सांगण्यात आले. नंतर पाहणीस गेलेल्या मॉस्किटो विमानाने याच्या नेमके उलटे कळविले. वाटेवर ढग असण्याचा संभव कमी आणि लक्ष्यावर ढग असण्याचा संभव आहे, असा त्याचा अहवाल होता. मोहीम रद्द झाली नाही. असे का झाले याविषयी पुढे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या सर्व चर्चेतून एवढे निश्चित निघते की माहिती वेळेवर आली होती आणि ती बाजूला ठेवण्यात आली.

मार्गही विचित्र होता. शत्रूला चकविण्यासाठी विमाने एरवी वारंवार वळणे घेत जात. त्या रात्री बेल्जममधील शार्लर्वाजवळून जर्मनीतील फुल्डापर्यंत, अडीचशे मैलांहून अधिक अंतर, जवळजवळ सरळ रेषेत उडावयाचे होते. त्यामुळे पेट्रोल वाचणार होते आणि मार्ग शोधणे सोपे होणार होते. परंतु जर्मन लढाऊ विमानांना रात्री एकत्र जमण्यासाठी रेडिओ संकेत देणारी जी ठिकाणे होती, त्यांपैकी दोन या रेषेच्या दोन बाजूंना पडत होती. जर्मन नियंत्रकाने ब्रिटिशांच्या फसव्या हल्ल्यांकडे दुर्लक्ष केले आणि आपली विमाने नेमकी या दोन ठिकाणी गोळा केली. हा काही अंशी योगायोगच होता. पण त्याचा परिणाम असा झाला की बाँबफेकी विमानांचा लोंढा, कोणी आमंत्रण दिल्यासारखा, त्यांच्या समोर चालत आला.

७९५ विमाने निघाली होती: ५७२ लँकास्टर, २१४ हॅलिफॅक्स व ९ मॉस्किटो. हवा इतकी थंड आणि निर्मळ होती की एरवी फार उंचावरच दिसणारे बाष्पाचे पांढरे पट्टे त्या रात्री खालच्या पातळीवरही विमानांमागे उमटू लागले. प्रत्येक विमान आपल्यामागे चांदण्यात चमकणारी रेघ ओढीत जात होते. जर्मनांच्या अनेक रात्रविमानांवर या सुमारास तिरप्या वरच्या दिशेने रोखलेल्या तोफा बसविलेल्या होत्या. असे विमान बाँबरच्या पोटाखाली येऊन, कोणाच्याही नजरेस न पडता, पंखांतील पेट्रोलच्या टाक्यांवर गोळ्या झाडी. हॅलिफॅक्सच्या मशीनगना पाठीवर व शेपटीला होत्या. पोटाखाली पाहण्याची त्या विमानात सोयच नव्हती. बेल्जमची सरहद्द येण्यापूर्वीच हल्ला सुरू झाला आणि पुढील तासभर चालला. जाण्याच्या वाटेवर व लक्ष्याच्या आसपास मिळून ८२ विमाने पडली.

बार्टनचे विमान या संहारातून बरेच पुढे आले. लक्ष्य सुमारे ७० मैलांवर राहिले असता एका युंकर्स ८८ विमानाने त्याला गाठले. पहिल्याच माऱ्यात अंतर्गत दूरध्वनी निकामी झाला. मग एक मेसरश्मिट विमान येऊन मिळाले आणि त्याच्या माऱ्याने एक इंजिन बिघडले. मशीनगनाही बंद पडल्या. म्हणजे विमान आता मुके आणि निःशस्त्र झाले होते. बार्टन ते वेडेवाकडे वळवून, गोते खाववून, शत्रूच्या नेमातून निसटण्याचा प्रयत्न करीत राहिला. अशा वेळी शेपटीतील माणसाने शत्रू कोणत्या बाजूने येत आहे हे सांगावे आणि वैमानिकाने त्या बाजूस विमान झोकावे, अशी पद्धत असे. सांगणे शक्य नव्हते. राहिले ते दिव्याचे इशारे.

आणि येथेच घात झाला. या गोंधळाची जी हकीकत सांगतात ती अशी की धोका टळला, पूर्वीच्या मार्गाला लागावे, अशा अर्थाचा इशारा दिला गेला आणि तो हवाई छत्री घेऊन बाहेर पडा असा वाचला गेला. मोर्स लिपीत पहिल्याचे अक्षर आर, दुसऱ्याचे पी. एका टिंबानंतर एक रेघ व पुन्हा टिंब म्हणजे आर. मध्ये एकाऐवजी दोन रेघा आल्या की पी. विमान गटांगळ्या खात आहे, इंजिनातून ज्वाळा दिसत आहेत, कानांत शब्द येत नाही, अशा स्थितीत दिव्याची एक उघडझाप कमी की जास्त हे ओळखण्यावर माणसांचे आयुष्य टांगलेले होते. नॅव्हिगेटर, बाँब सोडणारा आणि बिनतारी संदेशक यांनी पायांखालचे झाकण उघडले आणि ते अंधारात उतरले. या तिघांना दोष देण्याचे कारण नाही. हुकूम मिळाला असे समजून त्यांनी तो पाळला. झाकण त्यांच्याजवळ होते, म्हणून ते बाहेर पडू शकले. तिघेही जर्मनांच्या हाती सापडले व युद्धकैदी झाले.

बार्टनच्या परिस्थितीचा आता विचार करावा. बाँब अजून विमानात आहेत. मार्ग दाखविणारा गेला, नेम धरणारा गेला, तळाशी बिनतारीवरून बोलू शकणारा गेला. उरलेल्या तिघांशी बोलता येत नाही. एक इंजिन जायबंदी आहे. पुढे गेल्यास जळत्या शहराच्या उजेडात विमान उठून दिसणार, आणि त्यातून वाचल्यास साडेचार तास तीन इंजिनांवर शत्रूच्या मुलखातून परत यावयाचे. बाँब मोकळ्या रानात टाकून देऊन माघारी वळण्याचा मार्ग त्याला खुला होता. असे केले असते तर कोणी त्याला नावे ठेवली असती असे वाटत नाही.

येथे थोडे आडवळण घेणे इष्ट होईल. बाँबर कमांडमध्ये मोहीम अर्धवट टाकून परतणाऱ्यांची कसून चौकशी होई. विमानात काही बिघाड खरोखर होता की नाही हे तपासले जाई. धीर खचून ज्यांनी उडण्यास नकार दिला त्यांच्या कागदपत्रांवर ‘नैतिक धैर्याचा अभाव’ असा शेरा मारण्यात येई, आणि या शेऱ्याची दहशत जर्मन तोफांपेक्षा कमी नव्हती. आज आपण ज्याला मनाची जखम म्हणू तिला तेव्हा चारित्र्याचा दोष मानले जाई. या भीतीने पुष्कळ जण पुढे गेले यात शंका नाही. परंतु बार्टनला ही भीती लागू पडत नव्हती. त्याचे फुटलेले विमान हाच त्याचा पुरावा होता, आणि यापूर्वीच्या एका मोहिमेत भयानक हवामानात लक्ष्य शोधीत राहताना त्याचे दोन सहकारी जखमी झाले होते. त्याच्या धैर्याविषयी कोणाच्या मनात संशय असण्याचे कारण नव्हते. तो पुढे गेला तो स्वतःच्या निर्णयाने. त्याने विमान पुढे नेले आणि बाँब स्वतः सोडले.

परतीसाठी वळताच बिघडलेल्या इंजिनाचा पंखा, जो मघापासून थडथडत होता, तुटून उडून गेला. पेट्रोलच्या दोन टाक्या फुटून गळत असल्याचेही आढळून आले. समोरून जोराचा वारा येत होता. नॅव्हिगेटरशिवाय रात्री मध्य जर्मनीतून इंग्लंडला परतणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी एवढेच सांगणे पुरे की त्याच रात्री नॅव्हिगेटर असलेली कित्येक विमानेही वाऱ्याच्या चुकीच्या अंदाजामुळे वाट चुकली होती. बार्टनने तोफांची दाट ठाणी चुकवीत विमान आणले. इंग्लंडचा किनारा त्याने ओलांडला तेव्हा तो आपल्या तळाच्या ९० मैल उत्तरेस होता. साडेचार तासांच्या उड्डाणानंतर, केवळ अटकळीने, एवढीच चूक होणे ही असामान्य वैमानिकाची खूण आहे. पदक त्याच्या धैर्याबद्दल मिळाले. माझ्या मते त्याच्या या कौशल्याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही.

किनारा लागला तेव्हा पहाट होत होती आणि पेट्रोल जवळजवळ संपले होते. उतरण्याजोगी जागा सापडण्यापूर्वीच डाव्या पंखावरील दोन्ही इंजिने बंद पडली. आता चारांपैकी एकच इंजिन, तेही उजव्या बाजूचे, चालू होते. एका बाजूने ओढले जाणारे असे विमान सरळ ठेवणे हेच मुळात दुर्घट. हवाई छत्रीने उडी मारण्यास लागणारी उंचीही उरली नव्हती. बार्टनने तिघा सहकाऱ्यांना आदळण्याच्या वेळी घ्यावयाच्या जागा घेण्यास फर्मावले. ते मागे, विमानाच्या मधल्या भागात जाऊन बसले. वैमानिकाला अशी जागा नसते. त्याला सुकाणूशीच राहावे लागते, आणि हॅलिफॅक्समध्ये ती जागा अगदी पुढे, काचेमागे होती.

खाली डरहॅम परगण्यातील रायहोप हे सुंदरलंडजवळचे कोळसाखाणीचे गाव होते. खाणकामगारांच्या बैठ्या घरांच्या लांब ओळी, त्यांतील चुली नुकत्याच पेटू लागलेल्या. विमान घरांवरून निघाले होते. घरे टाळून ते पलीकडे उतरविण्याचा बार्टनने प्रयत्न केला. घरांच्या एका ओळीच्या टोकाला धडक देऊन ते खाणीच्या आवारात कोसळले. पुढचा भाग चेंदामेंदा झाला. मधल्या भागातील तिघे वाचले. बार्टन जबर जखमी झाला आणि त्यातून उठला नाही. त्याला तेविसावे वर्ष पुरे होण्यास दोन महिने कमी होते.

त्या पहाटे पाळीवर निघालेला रायहोपचा एक खाणकामगारही या अपघातात मरण पावला.

२७ जून १९४४ च्या ‘लंडन गॅझेट’मध्ये बार्टनच्या व्हिक्टोरिया क्रॉसचे सन्मानपत्र छापून आले. वर सांगितलेली बरीचशी हकीकत त्यात आहे. विमान घरांपासून दूर उतरविण्याचा त्याने निकराने प्रयत्न केला, आणि त्याचे तिन्ही सहकारी वाचले, असे त्यात म्हटले आहे. खाणकामगाराचा उल्लेख त्यात नाही. सन्मानपत्र हा शौर्याचा दाखला असतो, अपघाताचा पंचनामा नसतो, हे खरे. युद्धकाळात घरच्या भूमीवर आपल्याच विमानाने माणूस मेल्याचे छापणे सोयीचेही नसावे. परंतु त्या घरात तो माणूस सकाळी कामावर जाऊन परत आला नाही, एवढे सत्य राहतेच. रायहोपच्या लोकांनी मात्र बार्टनबद्दल राग धरला नाही. खाली उतरणाऱ्या विमानाने ओळीच्या ओळी जमीनदोस्त केल्या असत्या, हे त्यांना दिसत होते. युद्धात पडलेल्या गावकऱ्यांच्या स्मारकाजवळ त्यांनी बार्टनचेही नाव कोरले.

त्या रात्रीचा हिशेब आता मांडू. ९५ विमाने परत आली नाहीत: ६४ लँकास्टर व ३१ हॅलिफॅक्स. बाँबर कमांडच्या साऱ्या इतिहासात एका मोहिमेत इतके नुकसान कधीही झाले नव्हते व पुढेही झाले नाही. ५४५ विमानकर्मी ठार झाले. तुलनेसाठी सांगावयाचे तर १९४० च्या उन्हाळ्यात व शरदात चाललेल्या ब्रिटनच्या लढाईत, जिचे गोडवे आजही गायले जातात, लढाऊ विमानांच्या कमांडचे ५४४ विमानकर्मी पडले होते. तेवढे येथे एका रात्रीत गेले. नुकसानीचे प्रमाण शेकडा ११.९ होते. मघाचे ३० मोहिमांचे गणित या प्रमाणाने केले तर १०० पैकी दोनच विमाने उरतात.

आणि मिळविले काय? न्यूरेंबर्ग दाट ढगांखाली होते. आडव्या वाऱ्यामुळे लक्ष्य दाखविणारे दिवे बरेच पूर्वेकडे पडले आणि पुष्कळसे बाँब शहराच्या उत्तरेकडील शेतांत पडले. शहरात व आसपासच्या खेड्यांत मिळून ६९ माणसे मेली आणि कारखान्यांचे नुकसान किरकोळच झाले. सुमारे १२० विमानांनी तर न्यूरेंबर्ग समजून वायव्येस ५० मैलांवरील श्वाइनफुर्टवरच बाँब टाकले. तेथेही बहुतेक शहराबाहेर पडले. मोहीम फसली होती हे सर्वांनाच कळून चुकले.

हे वाचून कोणी म्हणेल की मग बार्टनच्या धैर्याचा उपयोग काय झाला? हा प्रश्न टाळता येणार नाही, पण तो बार्टनला विचारून उपयोग नाही. लक्ष्य कोणते, रात्र कोणती, मार्ग कोणता, हे त्याने ठरविले नव्हते. त्याने ठरविले ते ७० मैल अलीकडे आणि रायहोपच्या छपरांवर. या दोन निर्णयांपैकी पहिल्याने युद्धाचा निकाल रेसभरही बदलला नाही, असे म्हणावे लागते. दुसऱ्याने तीन सहकारी आणि किती तरी घरे वाचली. सन्मानपत्राचा मुख्य भर पहिल्यावर आहे. सैन्यदलाच्या दृष्टीने ते साहजिकही आहे. वाचकाने आपला भर कोठे द्यावा हे त्याचे त्याने ठरवावे.

यानंतर लवकरच, एप्रिलच्या मध्यास, बाँबर कमांड आक्रमणाच्या सरसेनापतींच्या देखरेखीखाली गेले आणि काही महिने तरी फ्रान्समधील रेल्वे, पूल व किनाऱ्यावरील तोफा हीच त्याची मुख्य लक्ष्ये राहिली. न्यूरेंबर्गला विसरण्यात आले नव्हते. २ जानेवारी १९४५ च्या रात्री आकाश निरभ्र होते, जर्मन लढाऊ विमानांची शक्ती खचलेली होती, आणि त्या एका रात्रीत जुने न्यूरेंबर्ग जवळजवळ नाहीसे झाले. सुमारे १,८०० माणसे मेली. शहरांवरील या हल्ल्यांच्या नैतिकतेचा वाद युद्ध संपण्यापूर्वीच सुरू झाला होता आणि तो मिटलेला नाही. त्या वादाची झळ विमानकर्मींच्या आठवणीलाही लागली. बाँबर कमांडचे स्मारक लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये उभे राहण्यास २०१२ साल उजाडावे लागले. तोपर्यंत त्यांतील बहुतेक जण वार्धक्याने गेलेले होते.

युद्धात पडलेल्या ब्रिटिश सैनिकाला तो जेथे पडला त्याच देशात पुरण्याचा नियम होता. त्यामुळे त्या रात्रीच्या ५४५ जणांपैकी बहुतेकांच्या कबरी जर्मनीतील लष्करी दफनभूमींत आहेत. काहींचे अवशेष मिळालेच नाहीत. कबर नसलेल्या अशा विमानकर्मींची व हवाई दलातील इतरांची मिळून २०,००० हून अधिक नावे लंडनजवळच्या रनिमीड येथील भिंतींवर कोरलेली आहेत. बार्टन मात्र इंग्लंडच्या भूमीवर पडला होता. किंग्स्टन-अपॉन-टेम्समधील बॉनर हिल दफनभूमीत त्याला पुरले. न्यू माल्डनहून तेथे सहज जाता येते.